सासूबाईंच्या मसाल्याचं नाव व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर टाकलंय. यात आमचं नक्की काय काय आहे?

रामबागची_सून

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, आधीच माफी मागते. थोडक्यात विचारलं की सगळे "वकील गाठा" एवढंच सांगतात. वकील गाठणारच आहे, पण त्यांच्याकडे जाताना पिशवीत काय घालून न्यायचं तेच कळत नाहीये.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. जुनं घर, मागे पत्र्याची शेड. १९९१ साली सासरे ज्या गिरणीत होते ती बंद पडली आणि पुढच्या वर्षी सासूबाईंनी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकायला सुरुवात केली. आधी गल्लीतली गिऱ्हाइकं, मग शाळेतल्या बाई, मग गणपतीत स्टॉल. इथे पोह्यांवर जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, लागतंच, म्हणून पुढे जिरावण आलं. खरं सांगायचं तर आज घर जिरावणावर चालतं, गोडा मसाला अब्रूसाठी आहे. नाव सासूबाईंनीच ठेवलं. इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यांच्या आईला माहेरी ज्या नावाने हाक मारायचे ते नाव आहे, आणि अख्ख्या शहरात मसाल्यावर ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मी २००६ मध्ये लग्न होऊन आले. बिलबुक, पाकिटं, फूडचं रजिस्ट्रेशन हे सगळं माझ्याकडे आलं. २०१७ पासून सियागंजातला एक व्यापारी आमचा माल देवास, उज्जैन, खंडव्याकडे पाठवायचा. लिखापढी काही नाही. "भाभी, घर की बात है" म्हणायचा, आम्हीही मान डोलवायचो. गेल्या दिवाळीत पैसे अडकवले म्हणून आम्ही माल बंद केला. आता देवासला माझ्या मावशीच्या दुकानात त्याचं स्वतःचं पाकीट आलंय. नाव आमचंच. आमच्या पाकिटावर सासूबाईंचा चेहरा आहे, त्याच्यावर दुसरीच कुणी नथवाली बाई. आमच्याकडे सात वर्षं भाजणीच्या कढईवर बसणारी मुलगीही आता त्याच्याकडे जाते.

भाच्याने ट्रेडमार्कच्या साइटवर शोधलं तर ह्या माणसाचा अर्ज निघाला. क्लास ३०, म्हणजे मसाले ज्यात येतात तो वर्ग, आणि पुढे लिहिलंय "ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड". वापर एप्रिल २०१७ पासून, असा त्याचा दावा. म्हणजे आम्ही ज्या महिन्यात त्याला पहिला माल दिला तोच महिना!

नाव गेलं का? चेहरा तरी आमचा आहे का? तो कला महाविद्यालयातल्या एका मुलाने १५०० रुपयांत काढून दिला होता, पावती नाही. मसाल्याची कृती कुठे नोंदवता येते का? त्या मुलीला दुसरीकडे काम करण्यापासून अडवता येतं का? आमच्या पाकिटावर नावापुढे गोलातला आर आहे, म्हणजे आम्ही रजिस्टर्डच झालो ना, असं दीर विचारतात. तो आर प्रेसवाल्याने "भारी दिसतं" म्हणून टाकला होता.

सांवेररोडकर

वहिनी, सगळं बाजूला ठेवा. त्या अर्जाच्या पानावर जर्नलचा, म्हणजे ट्रेडमार्कवाले अर्ज छापतात त्या पत्रिकेचा, नंबर आणि तारीख असेल, ती आधी बघा. तिथून ४ महिने. त्या ४ महिन्यांत तुम्ही विरोध केला नाही तर त्याला सर्टिफिकेट मिळतं आणि मग तेच काढून घ्यायला दुप्पट धावपळ. ही मुदत वाढत नाही. कुणी सांगितलं "बाद में देख लेंगे" तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

मी वकील नाही, लोखंडवाला माणूस आहे. शेव पाडायची मशीन बनवतो, ३१ वर्षं झाली. ठेच लागली म्हणून बोलतोय. २००३ मध्ये मी जाळी बदलायची एक नवीन पद्धत काढली, खटक्यासरशी जाळी बाहेर. हलवाई खूश. एका प्रदर्शनात मांडली, वर्षभरात साठेक मशीन विकल्या, छाती फुगवून सगळ्यांना उघडून दाखवली. मग दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्याने तीच जाळी लावून मशीन काढली, माझ्यापेक्षा ४ हजारांनी स्वस्त. तेव्हा मला पेटंट आठवलं. एजंट म्हणाला, भाऊ, पेटंट नव्या गोष्टीचं मिळतं, तुम्ही तर वर्षभर भर बाजारात विकताय, नवं काय राहिलं? आकाराचं डिझाइन रजिस्टर करू म्हटलं तर तिथेही तोच नियम, आधी अर्ज, मग बाजार. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

पण नाव राहिलं. नाव मी २००५ मध्ये रजिस्टर केलं होतं, तेसुद्धा मेव्हण्याने मागे लागून. पेटंट मिळालं असतं तरी २० वर्षांत संपलं असतं. नावाला दर १० वर्षांनी पैसे भरले की ते चालत राहतं. २०१५ ला भरले, २०२५ ला भरले. आता नाव स्टिकरवर नाही, बॉडीच्या ओतकामातच घेतो. जाळी सगळ्यांची झाली, पण हलवाई माझं नाव घेऊन मशीन मागतो.

पोहे_जलेबी

एवढं डोकं कशाला? मसाल्याचंच पेटंट घ्या ना. अमेरिकेवाल्यांनी हळदीचं घेतलं होतं म्हणतात.

कोर्टातला_काळा_कोट

घेतलं होतं, आणि घालवलंही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट तिकडे १९९५ मध्ये दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या पेटंट कायद्यातही परंपरेने चालत आलेलं ज्ञान आणि नुसतं मिश्रण ह्यांना पेटंट नाही. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल एकत्र केल्याचं पेटंट विसरा. आणि पेटंटमध्ये कृती जगापुढे मांडावी लागते. मसालेवाल्याने ते करूच नये.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. मी इंदूरच्या जिल्हा कोर्टात उभा राहतो, ह्या कामाचा थोडा अनुभव आहे. फाइल न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा.

नाव गेलेलं नाही. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्यापेक्षा आधी वापरणारा मोठा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ३४ हेच सांगतं: उद्या त्याला सर्टिफिकेट मिळालं, तरी त्याच्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला तो थांबवू शकत नाही. पण "सलग" हा शब्द सिद्ध करावा लागतो, आणि तो तोंडी सिद्ध होत नाही. शिवाय तुम्ही नुसतं "आम्हाला थांबवता येणार नाही" म्हणून बसलात तर एकाच नावाची दोन पाकिटं बाजारात फिरत राहतील. म्हणून विरोध करायचाच. फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन भरला तर एका क्लासला २७०० रुपये. मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे आहे. सोबत स्वतःचा अर्जही टाका, टीएम-ए, व्यक्तीच्या नावावर ऑनलाइन ४५०० रुपये. जुन्या वापराचा दावा करणार म्हणजे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतील.

विरोधाची नोटीस त्याला मिळाली की उत्तराला त्याला २ महिने. उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडला असं धरतात. उत्तर आलं तर तुमच्या पुराव्यांना २ महिने, आणि ती तारीख चुकली तर तुम्ही विरोध सोडला असं धरतात. बरेच विरोध इथेच मरतात. लोक पहिल्या दिवशी जोशात असतात.

गोलातला आर आजच काढा. नोंदणी नसताना तो लावणं कायद्याने दंडाचं काम आहे, आणि समोरचा वकील पहिलं तेच दाखवेल. त्याच्या जागी टीएम लिहा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

एक जुनी केस सांगतो, माझी आवडती आहे. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा, सुप्रीम कोर्ट, निकाल १९६२ चा. अमृतधारा १९०१ पासूनची, लक्ष्मणधारा १९२३ पासूनची. कोर्ट म्हणालं, औषध घेणारा माणूस शब्दांची संधी फोडून अर्थ लावत बसत नाही, अर्धवट आठवणीवर मागतो, त्यामुळे नावं फसवण्याइतकी सारखीच आहेत. एवढं होऊनही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. का? अमृतधारावाल्यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं आणि ते गप्प बसले. आजच्या कायद्यातही नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असून ५ वर्षं गप्प राहिलात तर बरेच हक्क हातातून जातात. देवासचं पाकीट तुम्ही कधी पाहिलं ती तारीख लिहून ठेवा, दुकानाच्या बिलासकट एक पाकीट विकत घ्या, न फोडता ठेवा.

रेषाटन

चेहऱ्याबद्दल मी बोलू शकतो, कारण त्या १५०० वाल्या मुलांपैकीच एक मीही होतो. सध्या बडोद्यात पॅकेजिंगचं काम करतो.

गिऱ्हाइकाला वाटतं पैसे दिले म्हणजे चित्र आपलं. तसं नसतं. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून काढलेलं असेल तर मालकाचं. बाहेरच्या चित्रकाराने काढलेलं असेल तर साधारणपणे चित्रकाराचंच राहतं, जोपर्यंत तो लेखी देत नाही. मी स्वतः २०१४ पर्यंत एकालाही लेखी दिलं नव्हतं आणि एकानेही मागितलं नव्हतं. एका बेकरीवाल्याचं दुकान विकायला निघालं तेव्हा घेणाऱ्याच्या सीएने विचारलं, लोगो कुणाचा, आणि मग माझा फोन वाजला. दहा वर्षं जुना नंबर शोधून काढला होता त्यांनी. (सही दिली. पैसे मागितले नाहीत, क्रीमरोल मागितले.)

त्या मुलाला आता शोधा, भांडण पेटायच्या आधी. उद्या त्या व्यापाऱ्याने त्याला गाठून सही घेतली तर?

कोर्टातला_काळा_कोट

रेषाटन यांचं बरोबर, पण ताईंच्या नशिबाने एक फट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये, पैसे देऊन काढून घेतलेलं व्यक्तिचित्र किंवा फोटो हा, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. सासूबाईंचा चेहरा त्यात बसवता येईल. पण पाकिटाची मांडणी, अक्षरं, किनार, जिरावणाची वाटी हे बसेलच असं नाही. म्हणून लेखी घ्याच. आणि लिहिताना मुदत आणि प्रदेश दोन्ही घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माल परदेशात जाणार असेल तर तेही आलं.

रामबागची_सून

सगळ्यांचे आभार. रात्री अकरा वाजता सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढे लोक आपल्या जिरावणावर बोलतायत?"

जर्नलची तारीख बघितली. २ महिने १३ दिवस गेलेत. पोटात गोळा आला. भाच्याने गेल्या महिन्यात साइट बघितली होती आणि परीक्षा चालू म्हणून सांगितलं नव्हतं.

पुरावे काय काय हे विचारायचंय. माझी बिलबुकं २०१२ पासूनची आहेत, त्याच्या आधीची वाळवीने खाल्ली. फूडचं रजिस्ट्रेशनही २०१२ चं, माझ्या नावावर. जीएसटी नाही, तेवढी उलाढाल नाही. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आहे. ह्या सगळ्यावर नाव छापलेलं आहे, मग एवढ्याने भागेल ना?

आणि त्या मुलीबद्दल कुणी बोललं नाही.

कागदपत्रे_काका

बाई, मी ४० वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्या, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो.

फूड, उद्यम, दुकानाचा गुमास्ता, ह्यांपैकी एकही कागद नावाची मालकी देत नाही. लोक फूडचा नंबर मिळाला की ब्रँड आपला झाला समजतात. ते अन्न विकायची परवानगी आहे, बस. वापराचा पुरावा म्हणून मात्र उत्तम, कारण त्यावर सरकारी तारीख आहे. २०१२ म्हणजे त्याच्या २०१७ च्या ५ वर्षं आधी. एवढ्यानेही काम व्हावं. पण १९९४-९५ चं काही मिळालं तर तो उभाच राहू शकणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. नाव ठेवलं सासूबाईंनी, धंदा सुरू केला त्यांनी, २०१२ पासून कागद तुमच्या नावावर. मग मालक कोण? समोरचा हेच विचारणार. २०१२ मध्ये त्यांनी धंदा तुम्हाला दिला का, की तुम्ही त्यांच्यासाठी चालवताय? घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण अर्जात "अर्जदार" म्हणून एक रकाना असतो आणि तिथे "आम्ही सगळे" लिहिता येत नाही. नोंदणी नसलेलं चिन्हसुद्धा लेखी कागदाने एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं. देणार असतील तर तो लेख आत्ताच करा, त्यात जुना वापर आणि धंद्याची पत दोन्ही आली पाहिजेत. नाहीतर सासूबाईंच्या नावावर अर्ज करा आणि तुम्ही त्यांच्या परवानगीने वापरता असा कागद करा. मी दुकानं वाटली जाताना पाहिली आहेत. वजनकाटा, गल्ला, कढया, सगळ्यांची यादी होते. पाटीवरच्या नावाची होत नाही आणि पुढची वीस वर्षं भाऊ त्याच्यावरून भांडतात.

रामबागची_सून

काका, नेमकं जिथे दुखतं तिथेच बोट ठेवलंत. एक दीर पुण्यात आहेत. त्यांनी कधी एक पाकीट भरलं नाही पण "आईचा ब्रँड" त्यांच्याही तोंडी असतो, आणि आई त्यांचीही आहे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या नावावर कशाला, मी आता किती दिवसांची?" मी गप्प बसले. माझ्या नावावर करा असं माझ्या तोंडून निघेना.

सांवेररोडकर

वहिनी, त्या मुलीचं मी सांगतो. माझ्याकडून पाच कारागीर गेले, दोघांनी स्वतःचे कारखाने काढले. "दुसरीकडे काम करणार नाही" असं बाँडवर लिहून घेतलं होतं एकाकडून. वकील हसला.

कोर्टातला_काळा_कोट

वकील बरोबर हसला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७: कुणाला पोट भरण्यापासून अडवणारा करार निरर्थक. नोकरीत असेपर्यंतचं बंधन चालतं, सोडून गेल्यावरचं "दोन वर्षं मसाल्याच्या धंद्यात जाऊ नकोस" चालत नाही. गुपित न फोडण्याचा करार मात्र चालतो, आणि तो लेखी असेल तर लढता येतं. तुमच्याकडे नाही. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदाही नाही, जे काही आहे ते करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर. पाककृतीवर कॉपीराइट म्हणाल तर वहीत लिहिलेला मजकूर तुमचा, पण ती वाचून मसाला कुटणाऱ्याला तो अडवत नाही.

सांवेररोडकर

म्हणून कायदा कमी, कुलूप जास्त. छप्पन दुकानजवळचा माझा एक नमकीनवाला गिऱ्हाईक आहे. त्याचा मसाला दोन पिशव्यांत येतो, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबर घरात त्याची आई तोलते, दोन नंबर कारखान्यात. कारागिराला एवढंच माहीत की घाण्याला एकची एक आणि दोनच्या दोन. बारा वर्षांत तीन कारागीर गेले, चव कुणाबरोबर गेली नाही.

रामबागची_सून

आमच्याकडे भाजण्याचं काम तिच्याकडे होतं, तोलण्याचं सासूबाईंकडे. म्हणजे न ठरवताच अर्धं कुलूप होतं. त्याच्या पाकिटातलं जिरावण मी चाखलं. आंबटपणा अमचूरचा नुसता, मागून येणारी ती चव नाही. पण गिऱ्हाईक नाव बघून घेतं, चाखून नाही.

आणि एक लिहायला हवं. ती मुलगी वाईट नाही. दोन वर्षं पगार वाढवा म्हणत होती, आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणत राहिलो. तिच्यावर काही करायचं नाहीये मला.

पोहे_जलेबी

गंमत नाही, सिरियस विचारतो. रतलामी शेवेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना? मग इंदुरी जिरावणाला घेऊन टाका, सगळा प्रश्न मिटला.

कोर्टातला_काळा_कोट

जीआय एका दुकानाचा नसतो, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. मिळाला तर तो व्यापारीही इंदूरचाच, तोही वापरेल. त्याच कारणाने "इंदुरी", "जिरावण", "शुद्ध" हे शब्द कुणा एकाचे होत नाहीत. ताईंचं नाव वेगळं आहे कारण ते मालाचं वर्णन करत नाही, एका बाईचं लाडकं नाव आहे. सासूबाईंनी न कळत उत्तम ट्रेडमार्क निवडला.

टिळकनगरच्या_काकू

अगं, नाव लिहिलं नाहीस तरी ओळखलं मी. रामबाग, पत्र्याची शेड, पाकिटावर सासूबाईंचा चेहरा, दुसरं कोण असणार. तुझ्या सासूबाई आणि मी एका भिशीत होतो.

मला कायद्यातलं कळत नाही, पण जुन्या तारखेचं काहीतरी हवंय ना? आमच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघायची, सगळी जाहिरातींवर. पाव पान १०० रुपये. तुझ्या सासऱ्यांकडून मीच दरवर्षी घेऊन यायचे, ते नको म्हणायचे आणि मग द्यायचे. "भाजणी, मेतकूट, घरगुती मसाले", खाली तुमचं नाव, खाली रामबागेचा पत्ता. आमच्या ह्यांनी एकही अंक टाकून दिला नाही, माळ्यावर ट्रंक भरली आहे. मी ओरडायचे रद्दीत घाला म्हणून. काल शिडी लावून घेतली. १९९६ चा आहे, १९९७ चा नाही, १९९८ ते २००३ सगळे आहेत. १९९६ च्या अंकात जाहिरात चौथ्या पानावर, तुळशीबागेतल्या कुठल्या तरी लग्नाच्या मंगल कार्यालयाच्या वर.

चालेल का असलं?

कोर्टातला_काळा_कोट

चालेल? काकू, ह्याच्यापेक्षा चांगला पुरावा मी सांगू शकलो नसतो. तिसऱ्या माणसाने छापलेला, छापल्याचं वर्ष त्यावर, पत्ता त्यावर, आणि कुणाला वाटलंही नव्हतं की तीस वर्षांनी भांडण होईल. अंक फाडू नका, पान कापू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. अख्खा अंक मुखपृष्ठासकट. तुमचं स्वतःचं एक प्रतिज्ञापत्र लागेल की हा अंक तुमच्या घरी तेव्हापासून आहे.

ताई, आणखी एक करा. साइटवर त्याच्या अर्जाखाली कागदपत्रं बघायची सोय असते. त्याने २०१७ पासूनच्या वापराचं प्रतिज्ञापत्र दिलंय, तर सोबत काहीतरी बिलं जोडली असतीलच. ती उघडून बघा. प्रत्येक पान.

रामबागची_सून

चार दिवस आले नाही, आता सविस्तर लिहिते.

प्रतिज्ञापत्रासोबत अकरा पानं आहेत. पाच पाकिटांचे फोटो, नवीन. तीन त्याच्या दुकानाची बिलं, २०२१ नंतरची. २०१७ चं एकच बिल आहे, नवव्या पानावर. स्कॅन करताना वरची पट्टी कापली आहे, त्यामुळे कुणाचं बिल ते दिसत नाही. पण ते बिल माझं आहे. माझं अक्षर आहे. "गोडा मसाला १७ किलो, जिरावण ४० किलो", आणि जिरावणाचा "रा" मी नेहमी जसा काढते तसाच. खाली उजवीकडे आमचा गोल शिक्का, अर्धा पुसट, पण सासूबाईंची सही त्याच्यावरून गेलेली स्वच्छ दिसते. आमच्याकडून माल घेतल्याचं बिल त्याने स्वतःच्या वापराचा पुरावा म्हणून लावलंय!

बिलबुक काढलं. त्या नंबरची कार्बन कॉपी जागेवर आहे, वरच्या पट्टीसकट.

मी हसत सुटले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. बराच वेळ ते पान मोबाइलवर मोठं करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "सतरा किलो. त्याचे पैसे द्यायला त्याने तीन महिने लावले होते."

अर्ज आणि विरोध दोन्ही त्यांच्या नावावर टाकतोय. त्यांनीच सांगितलं. पुण्याला फोनही त्यांनीच केला, मला स्वयंपाकघरात पाठवून. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आता मी त्यांच्या परवानगीने नाव वापरते असा कागद होणार आहे, आणि पुढचं त्या मृत्युपत्रात लिहिणार आहेत. वकील ठरले, सोमवारी नोटरी. पाकिटावरचा आर गेला. उरलेल्या ३ हजार पाकिटांवर मी आणि भाचा बसून काळ्या मार्करने खोडतोय, बोटं काळी झालीत. चित्रकार मुलगा नाशिकला आहे म्हणे, त्याचा नंबर मिळालाय, फोन उद्या.

काकू, स्मरणिका मी न्यायला येऊ का तुम्ही याल?

टिळकनगरच्या_काकू

मीच येते गुरुवारी. ट्रंक नाही आणत, पिशवीत सातही अंक आणते. सासूबाईंना सांग, अर्धा किलो भाजणी बाजूला ठेवा. आणि बिल दे गं मला, छापील, तारखेसकट.